डोणीवरचा पत्रा

गेल्या अधिक श्रावणातल्या एका सकाळी मी रोजच्यासारखा साडेआठला अंगणात गेलो, पाऊस मोजायच्या मापकाचे तांब्याचे नरसाळे उचलले आणि आतली बाटली बाहेर काढली. बाटली भरून वाहिली होती आणि तिच्या बाहेरचा डबाही भरला होता. एवढे पाणी त्या डब्यात मी कधी पाहिले नव्हते. काचेचे माप भरायचे, वहीत आकडा टाकायचा, पाणी ओतून द्यायचे, पुन्हा भरायचे, असे चालले असताना मी चिखलातच खाली बसलो आणि मोजणी पुरी केली.

मग मागच्या दाराने गोठ्याकडे जायला निघालो, तर दार उघडेना. चौकट तिरकी झाली होती. खांदा लावून ते उघडले. गोठ्याच्या वरच्या अंगाला, फणसाच्या मुळाशी, जमिनीला चीर पडली होती. हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी. मी हात घातला नाही. आत कुठेतरी पाणी पळत असल्याचा आवाज येत होता. आमचा झरा, ज्याचे पाणी आम्ही न गाळताच पितो इतके नितळ, तो लाल वाहत होता.

तिथून मी धावत आमच्या देवीच्या, डोणजाईच्या, देवळाकडे गेलो आणि पुढच्या दगडी डोणीत वाकून पाहिले. डोण कोरडी होती. तळाशी आईने पहाटे वाहिलेले हळदकुंकू जसेच्या तसे होते आणि त्यावर एक पाल बसली होती.

घरी आलो तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. तिने विचारले, "भरली का डोण?"

मी म्हणालो, "न्हाई."

"मंग कशापायी एवढा पांढरा पडलायस? आत ये. च्या घे."

त्या दिवशी आमचा डोंगर जागेवर राहिला. त्याच रात्री घाटाखालची एक वाडी डोंगराने घेतली. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. आई ते घरात घेऊ देत नाही. आमची वाडी का राहिली आणि ती का गेली, याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि आता पुन्हा पावसाळा तोंडावर आला आहे. म्हणून हा कागद.

मी, मारुती धोंडिबा गवारी, वय एकोणपन्नास, धंदा माळीकाम, राहणार डोणवाडी, कुरवंड्याच्या वरच्या अंगाला, तालुका मावळ, जिल्हा पुणे, माझ्या पश्चात कोणाचा घोटाळा होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत झाले, तरी जे लिहिले आहे ते समजून लिहिले आहे. मला आजार नाही, व्यसन नाही. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी तपासून दिलेला दाखला मागे जोडला आहे. अशा कागदात विचारतात की लिहिणाऱ्यावर कोणाचा दबाव आहे काय. माणसाचा नाही. भीती हा दबाव धरत असतील तर तो आहे, आणि तो गेल्या श्रावणापासून एक दिवसही उतरलेला नाही. परंतु भीतीने माझी बुद्धी ढळलेली नाही, असे मी डोणजाईला स्मरून सांगतो.

पहिले, घराबद्दल. डोणवाडीतले राहते घर, गोठा, परसातला फणस व खालची भाताची दोन खाचरे माझ्या नावावर आहेत. भाऊबंदकीची वाटणी वडिलांच्या हयातीतच झाली असून धाकटा भाऊ शिदू याला त्याचा हिस्सा मिळालेला आहे. माझ्या पश्चात हे सर्व माझी पत्नी नंदा हिचे, आणि तिच्या पश्चात माझी मुलगी प्रेरणा हिचे. आईला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क आहे. पण हे मी घर आहे असे धरून लिहिले. घर उरले नाही तर ज्या जागेवर ते होते ती जागा प्रेरणाची. तिने त्या जागेवर पुन्हा घर बांधू नये. कोणी कितीही मागे लागले तरी तंबू लावायला, गाड्या उभ्या करायला देऊ नये. फिरायला येणाऱ्या लोकांना समोरची दरी बघायची असते, पाठीमागे काय उभे आहे ते ते बघत नाहीत. तिथे करवंदी वाढू द्याव्यात.

नंदा आणि आई माझ्याबरोबरच गेल्या, तर मध्ये दुसरा वारस न धरता सर्व थेट प्रेरणाचे. हे वाक्य लिहायला मला तीन वेळा उठावे लागले. ती तळेगावला नर्सिंगच्या वसतिगृहात असते, घोरावाडी स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर. मी रोज देवापुढे बसतो तेव्हा ती तिथे आहे याबद्दल आभार मानतो.

दुसरे. हे मालमत्तेबद्दल नाही, पण दुसरीकडे कुठे लिहिणार? जे कोणी आम्हाला शोधायला येतील त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. आई चुलीच्या भिंतीला डोके करून निजते. पावसाळ्यात तिथे ऊब असते. नंदा मधल्या खोलीत, दाण्याच्या कणगीशेजारी. मी ओटीवर. तिथून मापक दिसते. आधी चुलीची बाजू बघावी. आईला कमी ऐकू येते, त्यामुळे नुसती हाक मारून उत्तर आले नाही म्हणून पुढे जाऊ नये. गाय रात्री बांधलेली नसते. मी तिचे दावे सोडून ठेवतो. नंदा त्यावरून हसते, "गाईला मोकळं सोडता आन आमाला कोंडता व्हय?" मी हसत नाही. ती हे विनोदाने म्हणते, तरी त्यात खोटे काय आहे?

तिसरे. पोस्टात व सोसायटीत जे काही असेल ते नंदाचे. त्यातून प्रेरणाचे शिक्षण पुरे करावे. याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

चौथे, हवामानाची साधने. ती माझ्याकडे कशी आली ते सांगतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की मारुतीने बंगल्यातून उचलली.

लोणावळ्यात ज्या बंगल्यात मी बावीस वर्षे माळीकाम केले, तिथल्या बाई रोज सकाळी बागेत येऊन पाऊस, ऊन, वारा मोजायच्या. त्यांच्या वडिलांची सवय, ती त्यांनी चालवली. गुडघे दुखायला लागले तसे त्यांनी मला बोलावून शिकवले. हवेची उष्णता आणि ओल सांगणाऱ्या पाऱ्याच्या दोन नळ्या, एक ओल्या चिंधीची आणि एक सुकी, कशा वाचायच्या, डोळा पाऱ्याच्या रेषेत कसा आणायचा, हवेच्या दाबाचे घड्याळ बोटाने हलके ठोकून मग काटा कसा बघायचा, काटा उतरला की पाऊस जवळ आला असे कसे धरायचे. पावसाच्या मापकाबद्दल त्या फार कडक होत्या. म्हणायच्या, "मारुती, भिंत जेवढी उंच, तिच्या दुप्पट लांब ठेव. आणि वर काहीही नको. फांदी नको, तार नको, वेल नको. आभाळ आणि नरसाळं, मध्ये कोणी यायचं नाही." आणि वेळ रोज एकच. रोज त्याच वेळी मोजायचे, ओतायचे, रिकामे करून पुन्हा ठेवायचे.

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला हसू आले. बाईंनी विचारले, काय झाले? मी म्हणालो, "बाई, हे तर आमच्या घरी देवीपुढं करतात." त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या आणि मला सगळे सांगायला लावले. ते पुढे येईलच. बंगला विकला तेव्हा त्यांनी साधने मला दिली आणि तसे चिठ्ठीवर लिहून दिले. चिठ्ठी दाबाच्या घड्याळाच्या पेटीत आहे. बाई आता नाहीत.

पाऱ्याच्या दोन्ही नळ्या त्यांच्या जाळीदार पेटीसह कुरवंड्याच्या शाळेला द्याव्यात. पारा फुटला तर पोरांनी हाताने गोळा करू नये, हे गुरुजींना सांगावे. वाऱ्याचा बाण मी स्वतः पत्रा कापून केलेला आहे. तो अंगणातल्या खांबावरच राहू द्यावा, गंजून पडेल तेव्हा पडेल. वह्या प्रेरणाच्या. तिला नको असतील तर शाळेच्या.

हवेच्या दाबाचे घड्याळ माझा भाऊ शिदू याला द्यावे. तो घरी आला की त्यावर टिचकी मारून विचारतो, "काय दादा, किती वाजलं ह्यात? जेवायची येळ झाली का?" त्याने ते आपल्या भिंतीला लावावे. काटा एका दिवसात फार खाली आला, तर हसून झाल्यावर पोरांना घेऊन बाहेर पडावे. माझी त्याच्याकडून एवढीच अपेक्षा आहे.

पावसाचे मापक प्रेरणाला. त्याबरोबर पुढच्या कलमातली वस्तूही तिलाच.

पाचवे, डोणीची खुंटी. आमच्या वाडीबाहेरच्या लोकांना हे कळावे म्हणून नीट लिहितो.

डोणजाईच्या देवळापुढे अखंड दगडात कोरलेली एक डोण आहे. चारी बाजू सरळ, तळ सपाट, खोली एक वीत. तळाला एका कोपऱ्यात बोटभर भोक आहे आणि त्यात खैराची खुंटी बसते. आमच्या घराण्याचा मान एवढाच, की पावसाळाभर दिवस उगवताना खुंटी काढून डोण रिकामी करायची आणि खुंटी परत ठोकायची. पुढचा दिवस उगवायच्या आत डोण काठोकाठ भरली, तर देवळाची घंटा वाजवायची. आणि तशी घंटा वाजली, की वाडीने उठायचे. भाकरी तव्यावर असली तरी उठायचे. चुलीत पाणी ओतायचे, जनावरे सोडायची आणि खालच्या पठारावर मोकळ्या माळात जायचे. दुसरी सकाळ डोण अर्धीच भरलेली दाखवेपर्यंत परत फिरायचे नाही. याला आमच्यात "आई उठ म्हणाली" असे म्हणतात. आई उठ म्हणाली, की मग कोणी वाद घालत नाही, कोणी माझे दार, माझे भांडे म्हणत नाही. मी लहानपणी एकदा आणि लग्नानंतर एकदा असा उठलेला आहे. दुसऱ्या वेळी वाडीतल्या मारुतीच्या देवळामागचा डोंगराचा एक तुकडा खरोखर घसरला होता आणि तेव्हा कोणाच्या अंगाला मातीसुद्धा लागली नाही.

पुढे लोणावळ्याची गर्दी वर चढू लागली. शनिवार-रविवारी पोरे येऊन डोणीत पाय धुवायची, बाटल्या टाकायची. एकदा आईने त्यातून हाडके काढली आणि दोन दिवस जेवली नाही. त्या वर्षी वडील वारले होते. शिदूने पुढाकार घेतला, वर्गणी काढली आणि डोणीवर चांगला निळा पत्रा आणि बाजूने जाळी बसवली. पत्र्याच्या कडेला रंगाने लिहिले, कै. धोंडिबा गवारी यांच्या स्मरणार्थ. नारळ फोडला तेव्हा आम्ही सगळेच हजर होतो. कोणाच्या मनात वावगे काही नव्हते. उघड्यावर भिजणाऱ्या देवीच्या डोणीला सावली झाली, म्हणून बायका रडल्या.

त्यानंतर आई रोज पहाटे जाऊन कोरड्या डोणीची खुंटी काढते, हळदकुंकू वाहते आणि खुंटी परत ठोकते. एक दिवस चुकवत नाही. आणि त्यानंतर डोणजाई आई एकदाही उठ म्हणालेली नाही.

चीर पडल्यावर मी शिदूकडे गेलो. तो शेणकुटाच्या ढिगावर प्लास्टिक बांधत होता. मी बाटली भरून वाहिल्याचे सांगितले.

"बाटली भरली म्हणून वाडी उठवायची? उद्या बादली भरली म्हणशील."

"शिदू, तसल्या पावसात डोण भरली असती. वर पत्रा हाय म्हणून भरली न्हाई."

"दादा, आईला भरायची आसंल तर ती पत्र्यातून भरंल. देवीला काय पत्रा आडवतोय?"

माझाही देवीवर तेवढाच विश्वास आहे. मी ते वाक्य घेऊन घरी आलो आणि दिवाळी गेली, शिमगा गेला, तरी ते माझ्यापाशीच राहिले.

तालुक्याहून साहेब लोक आले, चीर पाहिली, पावसाळ्यात खाली शाळेत राहा अशी नोटीस घरोघर दिली. त्यांनी त्यांचे काम केले. आईने नोटीस भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि म्हणाली, "कागदानं वाडी उठत न्हाई, बाबा. डोणीनं उठती."

"आई, माझ्या मापकात—"

"बाटली तुझी हाय. डोण आईची हाय."

मी तिला सोडून नंदाबरोबर खाली जाऊन राहू शकलो असतो. नंदा म्हणाली, "तुमच्या आईला हितं ठिवून मी खाली काय जेवू?" म्हणून आम्ही कोणीच गेलो नाही. बाकीच्या घरांतही असेच काहीतरी असणार. म्हातारे डोणीकडे बघतात आणि तरणे म्हाताऱ्यांकडे.

आता खुंटीबद्दल. ती आजवर थोरल्या मुलाकडे गेली. मला मुलगा नाही, म्हणून रिवाजाप्रमाणे ती शिदूच्या सत्यमकडे जायला हवी. माझी इच्छा अशी, की खुंटी प्रेरणाकडे जावी. आईला हे बोललो तेव्हा ती म्हणाली, "पोरगी लगीन करून जाईल. खुंटी कुटं जाईल?" मी सांगितले की खुंटी देवळातच राहील, प्रेरणा पावसाळ्यात येऊन राहील. प्रेरणाला फोनवर विचारले, तर ती एवढेच बोलली, "पप्पा, तुम्ही आधी खाली या. मग खुंटीचं बोलू." घाबरणाऱ्या माणसाच्या हातात ही खुंटी असावी असे मला वाटते. सत्यम चांगला मुलगा आहे, पण तो कशालाच घाबरत नाही.

सहावे, माझे दिवस. दहावे, बारावे जसे करतात तसे करावे, जेवणावळ नको. माझा फोटो वडिलांच्या फोटोशेजारी लावू नये. का ते पुढच्या कलमात कळेल. आम्ही एकाच ठिकाणी सगळे गेलो असलो, आणि कोणते कोण हे कळत नसले, तर एकत्र अग्नी द्यावा. वेगवेगळे करत बसू नये.

आणखी एक गोष्ट लिहितो, मग पुढे जातो. लोक म्हणतात, ओल्या मातीचा वास चांगला. मला तो आता सहन होत नाही. भर उन्हाळ्यातही चिरीपाशी गेले की तो वास येतो, गार, आतला. मी तिथे रोज जातो आणि रोज परत येतो. येताना पाठ डोंगराकडे करवत नाही, म्हणून उलटा चालतो. हे नंदाने पाहिले आहे. तिने कोणाला सांगितले नाही.

सातवे आणि शेवटचे. हे कलम मी वरच्या सर्व कलमांनंतर, आज लिहीत आहे.

डोणीवरचा पत्रा काढायचा, हे मी चैत्रातच ठरवले होते. शिदूच्या त्या वाक्याचे उत्तर मला अखेर मिळाले ते असे. देवी पत्र्यातून बोलू शकते, याबद्दल मला शंका नाही. पण तिने आमच्याशी बोलण्यासाठी एक जागा ठरवून दिली होती, आणि त्या जागेवर आम्ही हात ठेवला आहे. एखाद्याच्या तोंडावर हात दाबून, बघा हा काही बोलत नाही, असे म्हणण्यासारखे ते झाले. तरी ठरवल्यावर दीड महिना मी शिडीला हात लावला नाही. मला डोंगराची भीती होती, देवीची होती, वडिलांचे नाव उतरवण्याची होती आणि आई मला पुन्हा घरात घेईल का याची होती. देवीला कौल लावावा असे मनात आले, पण लावला नाही. फूल डावीकडे, म्हणजे नकाराकडे, पडले असते तर माझे हात बांधले गेले असते.

काल संध्याकाळी दाबाचा काटा खाली आला. फार नाही, पण आला.

आज मंगळवार, देवीचा वार. सकाळी साडेआठची नोंद केली आणि औंढ्याचे भिमाजी ढोरे यांना बोलावून घेतले. ते माझे जुने सोबती, बंगल्यात दूध घालायचे. देवळाच्या जोत्यावर उभे राहून त्यांनी वर बघितले आणि म्हणाले, "मारुती, पत्रा काढतोयस का सवताचं बारावं घालतोयस? शिदू जित्ता सोडायचा न्हाई."

"कागद तयार हाय, भिमाजीभाऊ. सही तेवढी राह्यलीय."

"मंग गड्या, सही करून शिडी चढ की!"

मी म्हणालो, आधी काम, मग सही. आधी सही केली आणि मग पाय गळाले, तर कागदात खोटे राहील. त्यांनी शिडी धरली. मी चढताना शिडी जोत्यावर वाजत होती आणि भिमाजीभाऊ खालून ओरडत होते, "आरं, तू चढतोयस का शिडी नाचवतोयस?" वर गेल्यावर मी पाना लावण्याआधी हात जोडले आणि म्हणालो, "आई, उघडतो. चुकत असंल तर माझ्या एकट्याचं धर." नट गंजलेले होते. एकेक सुटत गेला. वडिलांच्या नावाचा पत्रा मी शेवटी काढला आणि तो खाली टाकला नाही, भिमाजीभाऊंच्या हातात दिला.

तोपर्यंत वाडी गोळा झाली होती. शिदू पुढे आला. मला वाटले, आता हात उचलेल. मी शिडीवरून उतरलो नाही, तिथेच थांबलो.

तो म्हणाला, "आबाचं नाव उतरवलंस."

"व्हय."

"आन ह्यातून डोण भरली न्हाई तर?"

"तर सुखानं निजू. मी तुझी माफी मागीन, पत्रा माझ्या हातानं बशिवीन."

"आन भरली तर?"

याचे उत्तर त्याला माहीत होते. त्याने आबाच्या नावाचा पत्रा भिमाजीभाऊंच्या हातून घेतला, डोक्यावर ठेवला आणि घराकडे निघून गेला. अजून तो माझ्याशी बोललेला नाही. दाबाचे घड्याळ त्याला द्यायचे ते कलम मी तसेच ठेवले आहे.

मग गर्दीतून आई आली. तिने आधी वर आभाळाकडे पाहिले, बराच वेळ, डोळ्यांवर हात धरून. मी शिडीवरूनच म्हणालो, "आई, राग आला आसंल तर बोल." तिला ऐकू गेले नसावे, किंवा गेले असेल. ती डोणीपाशी बसली, पदराने तळातले सुके हळदकुंकू पुसून घेतले, खुंटी काढून हातात उलटीसुलटी केली आणि भोकात पुन्हा घालून पाहिली. खुंटी सैल बसत होती.

"मारुती," ती म्हणाली, "ही वाळलीया. इतकी वर्सं पाणी लागलं न्हाई तिला. रातभर भिजत घाल, फुगू दे. न्हाईतर डोण गळंल आन आईचं बोलणं आपल्याला कळायचं न्हाई."

खुंटी तांब्यात भिजत घातली आहे. तांब्या देवघरात आहे.

हा कागद मी औंढ्याला भिमाजी ढोरे यांच्या ओटीवर बसून पुरा करत आहे आणि तो त्यांच्याच पेटीत राहील. आमच्या घरात ठेवू नये, घराबरोबर तोही जाईल. माझ्या पश्चात याची अंमलबजावणी प्रेरणाने करावी. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्या समोर सही करत आहे. भीती अजून आहे. डोणीवर आता काही नाही.

ठिकाण: औंढे, ता. मावळ, जि. पुणे
दिनांक: २८ मे २०२४, मंगळवार

(सही) मारुती धोंडिबा गवारी

आमच्या डोळ्यांदेखत मारुती गवारी यांनी शुद्धीवर राहून वरील सही केली व त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. या कागदातून आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार
१. (सही) भिमाजी गणपत ढोरे, शेती, राहणार औंढे
२. (सही) अनिता दगडू आढारी, अंगणवाडी सेविका, राहणार डोणवाडी